बापूंची ट्रायल बाकी आहे

आमच्या शेजारच्या जाधवबापूंकडे चहा प्यायचा असेल तर आधी कानाची परीक्षा द्यावी लागे. पाहुणा खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच बापू आतून सायकल आणि मागच्या चाकाचं एक सुटं, दातेरी फ्रीव्हील घेऊन येत. सुटं त्याच्या कानाशी धरून फिरवत, मग सायकलीवरचं फिरवून ऐकवत, आणि विचारत, "सांगा, कोणच्यात दम हाय?" पाहुण्याला दोन्हींची टिकटिक सारखीच ऐकू येई. तसं सांगितलं तर चहात साखर कमी पडते, असा आळीतला अनुभव होता.

मी बदली होऊन साताऱ्यात आलो तेव्हा बापू फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी एकटेच राहत होते. बायको वारलेली, एकुलती एक लेक सासरी. सासर कुठलं, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. बापूंशी बोलणं म्हणजे सायकलीच्या सामानाबद्दल बोलणं.

सायकल शर्यतीची होती, बारीक टायरची आणि वाकड्या हँडलची. सांगाडा पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला. त्यावर कुठलं सामान कायमचं चढवायचं, हा बापूंच्या आयुष्यातला प्रश्न होता. चेन, फ्रीव्हील, पायडलचे दांडे, ब्रेक असा एक संच विलायती होता, वापरलेला पण हलका. दुसरा लुधियानाचा, कोरा आणि दणकट. एक सायकलीवर असला की दुसरा ओसरीवर पिशवीत टांगलेला असे.

"ह्यो विलायती गडी चढाला लय गुणी," बापू सांगत, "पर खड्ड्यात घातला की रुसतोय. आन् ह्यो लुधियानाचा, मार खाईल पर तक्रार करायचा न्हाई."

"मग लुधियानाचाच ठेवा की."

"आसं कसं? ट्रायल बाकी हाय."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गिरणीवाल्याने नवा पट्टा बसवला, ट्रायल बाकी हाय. साताऱ्यात नवे कलेक्टर आले, ट्रायल बाकी हाय. माझं लग्न ठरलं आणि मी जरा लाजतच मुलीचं वर्णन केलं, तर बापू शांतपणे म्हणाले, "चांगलीच आसंल. पर ट्रायल बाकी हाय." हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

दर शनिवारी संध्याकाळी बापू सायकलीवरचं सामान उतरवून दुसरं चढवत आणि रविवारी पहाटे खाकी हाफपँट घालून, फौजेतली पाण्याची बाटली गळ्यात अडकवून कराडच्या रस्त्याला लागत. संध्याकाळी परत आले की आळी निकालासाठी जमे. शिंपी विलायतीच्या बाजूचा, गिरणीवाला लुधियानाचा. पण निकाल काही लागत नसे. कधी उंब्रजजवळ मेंढरं आडवी आलेली असत, कधी बापूंचं पोट बिघडलेलं असे. "ट्रायल बाद," असं म्हणून ते पाना शोधायला आत जात.

अशात कोरेगावचा एक गुळाचा व्यापारी येऊन धडकला. त्याचा पुतण्या जत्रेतल्या सायकल शर्यतीत उतरणार होता. "बापू, एक सामान तुमी ठेवा, दुसरं मला द्या. कुठलंबी चालंल," तो म्हणाला. आळीला आयतंच निमित्त मिळालं. येत्या रविवारी काय तो सोक्षमोक्ष. विलायती सामानाची कराडपर्यंतची वेळ आदल्या रविवारी घेतलेली होती, आता फक्त लुधियानाची घ्यायची. बापूंच्या पोटावर कुणाचा भरवसा नव्हता, म्हणून पंच नेमून मला एस.टी.ने कराडला पाठवायचं ठरलं. बापूंचा चेहरा उतरला. दोन्ही सामानांवर जीव आहे बिचाऱ्यांचा, असं मला वाटलं.

कराडच्या स्टँडवर बापू घामाघूम होऊन आले, कडक सलाम ठोकला. मी घड्याळ पाहिलं. लुधियाना चांगलंच मागे पडलं होतं. मेंढरं नव्हती, पोटही ठीक होतं. विलायती जिंकलं होतं.

"तुमी व्हा फुडं," बापू पडेल आवाजात म्हणाले. "मी वाईच चेन बघून येतो."

परतीच्या गाडीला वेळ होता. पाय मोकळे करायला मी गावात शिरलो, आणि एका गल्लीच्या तोंडाशी थबकलो. एका घरासमोर रस्त्यावर बापूंची सायकल उलटी उभी होती. बापू उकिडवे बसून, चांगली असलेली चेन काढून परत बसवत होते. उंबऱ्यात एक तरुण मुलगी उभी होती. नाकडोळे थेट बापूंचे.

"बापू, घोटभर पाणी तरी घ्या की."

"नगं सुमे. नातवंडाचं तोंड बघीपत्तुर ह्या घरचं पाणी न्हाई. माज्याजवळ हाय बाटली."

"मग आता कवा येणार?"

बापूंनी चेनवरून बोट फिरवलं. "बाप सारखा लेकीच्या दारात आला तर तुज्या सासूला आवडंल व्हय? सामान ठरंना, म्हून यावं लागतंय."

मी मागच्या मागे स्टँडवर आलो. गाडीत बसल्यावर मला त्या गुळाच्या व्यापाऱ्याचा उगाचच राग आला.

संध्याकाळी ओसरीवर सगळे जमले. व्यापारी तर रिकामी पिशवी घेऊनच आला होता. मी घसा साफ करून सांगितलं, "वारा समोरून होता. असा निकाल दिला तर लुधियानावर अन्याय होईल. ट्रायल बाद." शिंपी खवळला, गिरणीवाल्याने माझी पाठ थोपटली आणि व्यापारी पुटपुटत निघून गेला. एकेक करून सगळेच पांगले.

बापू जमिनीवर बसून चेन पुसत होते.

"वारा कुटं हुता, साहेब?"

"नव्हता."

"गल्लीत आला हुता व्हय?"

"आलो होतो."

बापूंनी फडक्यावर तेलाचे दोन थेंब घेतले. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "बारीक झाल्यागत वाटली का वो तुमाला?"

"नाही बापू. तब्येत छान आहे तिची. बोलता बोलता हसतही होती."

"तुमी बघितलं ते बरं झालं," बापू म्हणाले. "मला तितं नीट बघता येत न्हाई. चेनकडंच बघावं लागतंय."