सासऱ्यांची सर्दी

नेरमध्ये अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत जब्बार मिस्त्रीचा शब्द शेवटचा, असं निदान जब्बार मिस्त्री तरी मानत होता. लेक निलोफरच्या मंगनीसाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, त्याने घरीच एक नवा अ‍ॅम्प्लिफायर बनवला आणि गल्लीभर सांगत सुटला, "कंपनीवाले येऊन शिकून जातीन, असा आवाज हाय."

आवाज मोठा होता, हे खरंच. कव्वाली लावली की शेजारच्या घनश्यामच्या टिनावरची कबुतरं उडून जात. पण हलीमाला, म्हणजे जब्बारच्या बायकोला, कव्वाली नको होती. तिला तिच्या अब्बांची कॅसेट लावायची होती. निलोफर रांगत होती तेव्हा त्यांनी नातीच्या लग्नासाठी दुआ बोलून ठेवली होती. अब्बा आता नव्हते. आधी ती दुआ सगळ्यांना ऐकवायची आणि मगच अंगठी घालायची, हे हलीमाने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

कॅसेट लावली. अब्बा मुळातच हळू बोलणारे. कव्वाली ठणठणीत वाजवणाऱ्या त्या पेटीतून त्यांचे शब्द असे बाहेर येऊ लागले, जणू तोंडात फुटाणे धरून बोलताहेत. शेवटी शेवटी तर नुसती खरखर.

"हे काय हाय?" हलीमाने विचारलं.

चूक कबूल करणं जब्बारच्या स्वभावात नव्हतं. "पेटी बरोबर हाय. अब्बाले त्या दिवशी सर्दी असन."

"माह्या अब्बाले जिंदगीत सर्दी झाली नाई," हलीमा म्हणाली आणि उठून आत गेली. मयत सासऱ्यांना सर्दी लावली म्हणून जब्बारला त्या दिवसापासून बिनसाखरेचा चहा मिळू लागला.

खरं कारण त्याला मनातून ठाऊक होतं. अ‍ॅम्प्लिफायरच्या शेवटी दोन ट्रान्झिस्टर काम वाटून घेतात. आवाजाच्या लाटेचा वरचा भाग एक उचलतो, खालचा दुसरा. काम नसतानाही दोघांना थोडा करंट देऊन जागं ठेवावं लागतं, त्याला म्हणतात बायस. त्यात कंजूसपणा केला की एकाचं काम संपतं आणि दुसरा अजून डोळेच चोळत असतो. मोठ्या आवाजात ते खपून जातं, हळू आवाजात मात्र मधेच खड्डा पडतो. जब्बारने कंजूसपणा केला होता. आता त्याने पेचकस घेतला, बायसचा स्क्रू फिरवला आणि सढळ हाताने तो वाढवला.

अब्बा एकदम स्वच्छ बोलू लागले. पहिलेच शब्द ऐकून हलीमाचे डोळे भरून आले. "बस, बंद करा. बाकीचं समद्यायसमोर," ती म्हणाली, आणि चहात साखर परत आली.

मंगनी भर मे महिन्यात, भर दुपारी, घरापुढच्या मांडवात. पांढरकवड्याहून नवरदेव शादाब आणि त्याचे वडील आले. व्याह्यांनी कूलरसमोर खुर्ची टाकली ती सोडलीच नाही. मागे चुलीपाशी बायका घामाने निथळत होत्या.

"कुठं हाय गर्मी?" व्याही म्हणाले. "मस्त थंडगार हाय. समद्यायले गरम गरम चाय पाजा."

चूल आणखी पेटली. इकडे घनश्याम कानाशी येऊन म्हणाला, "जब्बारभाऊ, तुह्या पेटीचा वास येऊन राह्यला."

पेटीच्या मागची अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी, जिच्यावर ते दोन ट्रान्झिस्टर बसवले होते, हात लावू देईना. जब्बारने पेटीचं झाकण काढून ती व्याह्यांच्या शेजारीच, कूलरच्या तोंडाशी ठेवली. पट्टी आणखी तापली. त्याने कूलर मोठा केला, तर ती त्याहून तापली.

"कूलर हाय का भट्टी?" घनश्यामने विचारलं.

पेटी जळाली तर दुआ नाही, आणि दुआ नाही तर अंगठी नाही. हलीमा कॅसेट हातात घेऊन समोर उभीच होती.

"अजून एक फेरी चाय होऊन जाऊ द्या," व्याही म्हणाले.

चुलीपाशी घनश्यामची बायको इंदूबाई बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "त्यायले म्हना, जरा इथं येऊन बसा. मंग समजन गर्मी काय असते."

जब्बार जागच्या जागी थबकला. पेटीत दोन छोटे डायोड होते. ट्रान्झिस्टर किती तापले ते ओळखून बायस कमी करायचा, हेच त्यांचं काम. पण ते त्याने लावले होते पुढच्या बाजूला, बोर्डावर मोकळे. कूलरची सगळी हवा तेच खात होते आणि व्याह्यांसारखेच आणखी गरम मागत होते. त्यांना बसवायला हवं होतं चुलीपाशी!

पेटी बंद झाली. जब्बारने डायोडांना लांब वायर जोडून कथलाचे डाग दिले, ते मागच्या पट्टीला भिडवले आणि दोरीवरचा कपड्यांचा लाकडी चिमटा लावून घट्ट धरले. तेवढ्यात इंदूबाईने व्याह्यांना बिर्याणीचं मीठ पाहायला चुलीपाशी बोलावलं, आणि चहाची फर्माईशही तिथेच थांबली.

पेटी पुन्हा चालू केली. पट्टी कोमट झाली आणि कोमटच राहिली. कॅसेट फिरू लागली. अब्बा बोलत होते, शेजारी बसून बोलावं तसे. निलोफरने मान खाली घातली, हलीमा उघड उघड रडली, घाम पुसत व्याही "आमीन" म्हणाले. अंगठी बोटात गेली. आपल्यासारखा कारागीर यवतमाळ जिल्ह्यात झाला नाही, याबद्दल जब्बारची खात्री पटली.

"थांबा," तो छाती काढून म्हणाला. "कॅसेटच्या शेवटी अजून एक वाक्य हाय. एवढं बारीक, का आजपावतर कोनाले आयकू आलं नाई." आणि त्याने आवाज चांगला वाढवला.

अब्बांचा आवाज मांडवभर घुमला, "आनि हलीमा, जावई लाख मानूस हाय. पन निलूच्या लग्नात पेटी भाड्यानंच आन. याच्या हातची लावू नको."

व्याह्यांपासून घनश्यामपर्यंत अख्खा मांडव हसत सुटला. हलीमाने पदराने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"आयकलं?" ती म्हणाली. "सर्दीचं नाव नाई."