खेमराज ठेकेदाराचा अंदाज

"बोला खेमराजजी, यंदा नफा किती होईल?" केशोराव वकिलांनी टाक शाईत बुडवला.

तेंदूपत्त्याचा ठेकेदार खेमराज बिसेन याने कानांवर हात ठेवले. "असं तोंडातून काढू नका जी! पत्ता अजून सालेकशाच्या गोदामात पडून आहे. विकलाच नाही, तं नफा कायचा?"

"सरकारला कर आगाऊ लागतो. कमाईचा अंदाज द्यायचा आणि हप्त्याने भरायचं. जूनचा हप्ता तुम्ही बुडवलाच. परवा सप्टेंबरचाही बुडाला, तर दंड बसेल."

खेमराजची मोठी पंचाईत झाली. खळ्यावर धान मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणणाऱ्या घरात तो वाढला होता. रास घरात येण्याआधी आकडा उच्चारला की बरकत जाते, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मनातल्या मनात त्याने बारा हजार कधीच मोजून ठेवले होते, पण मनातलं कोणाला दिसतं?

"मंग तोटा लिवा," तो म्हणाला. "तोट्याले कोनाची दृष्ट लागत नाही."

पण तोट्याला कारण लागतं. दुसऱ्या दिवशी कचेरीत करअधिकारी साहेबांनी विचारलं, "तोटा कशाने?" खेमराज अडखळला आणि मग त्याने ठोकून दिलं, "पत्त्याले कीड लागली, साहेब." एक पैसा न भरता तो ऐटीत बाहेर आला. दाराशी बाकावर एका बिडी कारखान्याचे मुनीम श्यामलाल बसले होते. खेमराजचा बराचसा पत्ता तेच घेणार होते.

संध्याकाळी श्यामलालने सौदा मोडला. "खेमराजभाऊ, कीडवाला पत्ता हमको मत चिपकाओ."

"अरे, पत्ता एक नंबर आहे!"

"तो फिर साहब से झूठ बोला?"

खेमराज धावतच वकिलांकडे गेला. "आता काय करू जी?"

"पत्ता चांगला म्हणालात, तर खोट्या अंदाजाचा दंड," केशोराव शांतपणे म्हणाले. "आणि खराब म्हणालात, तर तो विकायचा कसा, हे काही कायद्यात दिलेलं नाही."

त्यानंतर गिऱ्हाईक आलं की खेमराज नुसता खाकरायचा. दिवाळीपर्यंत गोदामाने ओल धरली आणि पत्त्याला खरोखरच कीड लागली. माल मातीमोल गेला. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

वर्ष संपल्यावर साहेबांनी हिशेब तपासला आणि चक्क त्याला खुर्ची दिली. "इतका खरा अंदाज या भागात आजवर कोणी दिला नाही, खेमराजजी!" त्यांनी चहाही मागवला. रडावं की चहा प्यावा, हे खेमराजला कळेना. शेवटी तो चहा प्यायला.

घरी येईपर्यंत मात्र त्याची छाती फुगली होती. नव्या वर्षाचा अंदाज भरायला केशोराव ओसरीवर बसले होते.

"लिवा, चाळीस हजार नफा!"

"खेमराजजी, जरा विचार करा."

"कायचा विचार? मी बोलतो तसंच होते. साहेबानं सोताच कबूल केलं."

वकिलांनी आकडा लिहिला, सही घेतली आणि कागद घडी करून खिशात घातला. "उत्तम. आता या चाळीस हजारांवरचा पहिला हप्ता पंधरा जूनच्या आत भरा."

"पन नफा तं अजून यायचा आहे!"

"म्हणूनच त्याला आगाऊ कर म्हणतात."

दाराआड उभी असलेली खेमराजची बायको चंद्रावती बाहेर आली. तिने हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढून नवऱ्यापुढे ठेवल्या.

"घ्या जी, ठेवा गहान," ती म्हणाली. "तुमच्या नफ्याची पयली सुरुवात झाली."