आधी खोट ऐका

मुलीच्या घरी पोहे खाऊन झाले, चहाच्या कपबशा आत गेल्या, की काळोखे सुभेदार मिशीवरून रुमाल फिरवायचे, पाठ ताठ करायचे आणि मुलीच्या बापाला म्हणायचे, "आता मुलाची माहिती देतो. आधी खोट ऐका."

मुलगा बसल्या जागी घामाघूम. कारण सुभेदार मुलाकडून आलेले असायचे, मुलीकडून नव्हे. जगाच्या पाठीवर सोयरीक जुळवायला गेलेला माणूस आपल्या मुलाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतो. सुभेदार आपल्याच मुलाला सगळ्यांदेखत खाली उतरवायचे.

"पोरगा पर्मनंट न्हाई, काँट्रॅक्टवर हाय. मोबाइलमध्ये मोशीचा जो फ्लॅट दाखवला, तो याच्या मित्राच्या मेव्हण्याचा. हा चिखलीत एका खोलीत चौघांबरोबर राहतो. घोरतो. गुटखा सोडला म्हणतो, पण परवाच मी पकडलाय."

हा पोरगा म्हणजे आमचा सोमनाथ, बीडकडचा. परत येताना माझ्या व्हॅनमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला होता आणि तळवड्यापर्यंत सुभेदारांशी एक शब्द बोलला नाही. आठवड्याभराने मुलीच्या वडिलांचा फोन आला. म्हणाले, "इतकी स्थळं बघितली, सगळीच देवमाणसं निघाली. माणूस हा पहिलाच. पुढचं बोलायला कधी येताय?"

सुभेदार स्वतःलाही यातून सोडत नसत. कुणी "सुभेदार" म्हणालं की दुरुस्ती ठरलेली. "सुभेदार न्हाई, नायब सुभेदार. एक पायरी खाली." तरी सगळे सुभेदारच म्हणायचे. पलटणीतून निवृत्त होऊन ते चाकणला आमच्या कंपनीत आले. आम्ही गाड्यांच्या सीटांचे लोखंडी सांगाडे बनवतो. ते वेल्डिंग लाइनचे सुपरवायझर, मी स्टोअर सांभाळतो. पाहुण्यांना माझी ओळख ते अशी करून देत: "हे स्टोअरवाले. जेवणानंतर पेंगतात. पण माणूस चांगला." मी पेंगत नाही. डोळे मिटून स्टॉकचा विचार करतो. हे मी त्यांना पुष्कळदा सांगून पाहिलं.

लाइनवरच्या पोरांचा मात्र त्यांच्यावर भारी जीव. हा माणूस कुणाला शिवी देत नसे, आणि फॅक्टरीत हे केवढं मोठं आहे ते तिथे काम केलेल्यालाच कळेल. कुणाचा सांधा कच्चा लागला तर शेजारी उभं राहून म्हणायचे, "जवान, यावर उद्या कुणाची तरी आई बसणार हाय. पुन्हा लाव." आणि कुणाला डेंग्यू झाला तर शिफ्ट सुटल्यावर पिंपरीच्या दवाखान्यात त्याच्या उशाशी जाऊन बसायचे. शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही धीराचे दोन शब्द सांगून यायचे.

लग्नं जुळवायचं काम त्यांच्या गळ्यात कसं पडलं, तेही ऐका. आमची निम्मी पोरं मराठवाड्यातली. आईबाप गावाकडे, गुरांना सोडून कुठे येणार. आणि इकडे भोसरी-मोशीतला मुलीचा बाप पहिला प्रश्न विचारतो, "तुमच्याकडचं मोठं माणूस कोण?" पोरं एकमेकांकडे बघायची. एकदा कुणीतरी घाबरत घाबरत सुभेदारांना विचारलं, आणि मग ते दर रविवारचं झालं. गाडी माझी, कारण कंपनीत व्हॅन बाळगणारा मूर्ख मी एकटाच.

निघण्याआधी त्यांच्या निगडीच्या घरासमोर मुलाची तपासणी व्हायची. नखं, कॉलर, बूट. एकाचे बूट आवडले नाहीत म्हणून त्याला स्वतःचे घातले. ते दोन नंबर मोठे होते. तो पोरगा मुलीच्या घरात बदकासारखा चालत गेला, आणि सुभेदारांनी पोह्यांनंतर तेही सांगून टाकलं.

त्यांची अट एकच. खोट सांगताना मुलगी समोर बसलेली हवी. बाप म्हणाला, "ती आत आहे, आम्ही सांगू तिला," तर हे तोंड मिटून बसत. "संसार तिला करायचाय. तिच्या कानावर माझ्या तोंडून पडू दे." एका ठिकाणी मुलीचे काका चिडले. सुभेदारांनी शांतपणे चहा संपवला, नमस्कार केला आणि आम्ही उठून आलो. मला वाटायचं, हा पलटणीतला हेका आहे. रविवार वाया गेला म्हणून मी परतीच्या वाटेवर कुरकुरही करायचो.

शेवटचा नंबर ज्ञानेश्वरचा होता. परभणीकडचा, तिशी ओलांडलेला, आई लहानपणीच गेलेली आणि वडील अंथरुणाला खिळलेले. स्थळं यायची आणि वडिलांचं ऐकून मागच्या पावली परत जायची. त्याने आता विचारणंच सोडलं होतं. सुभेदारांनी मोशीच्या एका रिक्षावाल्याची मुलगी शोधली, प्रतीक्षा नाव. येत्या रविवारी जायचं ठरलं. त्याआधीच, एका सकाळी दाढी करताना सुभेदार खाली बसले ते उठलेच नाहीत.

दशक्रियेला इंद्रायणीच्या घाटावर सगळी शिफ्ट उलटली. आपल्याकडे दहाव्याला भाषणं होतातच. एक पुढारी आले. त्यांनी सुभेदारांना उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही." आमची पोरं एकमेकांकडे बघू लागली. तेवढ्यात सोमनाथने जाऊन माइक घेतला.

"आधी खोट सांगतो," तो म्हणाला. "सुभेदार लय हट्टी होते. पत्त्यात हरले की झोप येतेय म्हणायचे. आवाज नसताना गाणी म्हणायचे आणि थांबा म्हटलं तरी थांबायचे न्हाईत. माझ्या सासऱ्यासमोर त्यांनी माझी पार अब्रू काढली."

गर्दीतून हसू फुटलं. दहाव्याला इतकी माणसं हसताना मी कधी पाहिली नव्हती. हसणाऱ्यांत कितीतरी सुना होत्या, कडेवर पोरं घेतलेल्या, सुभेदारांच्या तोंडून नवऱ्याची खोट ऐकून मग हो म्हणालेल्या. सोमनाथ म्हणाला, "आता गुण सांगतो," आणि त्याला पुढे बोलताच येईना. माइक ठेवून तो खाली येऊन बसला. मला फार रडू आलं. या माणसावर मी वर्षानुवर्षं कुरकुरत होतो आणि माझा त्याच्यावर केवढा जीव होता, हे मला त्या घाटावर कळलं.

महिन्याभराने मी आणि ज्ञानेश्वर काकूंना, म्हणजे सुभेदारांच्या पत्नीला, भेटायला गेलो. त्यांना मूलबाळ नाही. सोबतीला गावाकडून धाकट्या जाऊबाई आल्या होत्या. बसतोय तोच काकूंनी विचारलं, "मोशीच्या पोरीचं काय झालं?"

ज्ञानेश्वर खाली बघून म्हणाला, "राहू द्या काकू. आता कोण येणार माझ्यासंगं."

मी म्हणालो, मी जाईन. काकूंनी मला नीट न्याहाळलं. "तुमी भिडस्त. खोट सांगताना चाचरणार. मी येते."

जाऊबाई आतून बाहेर आल्या. "अक्का, अजून वरीस न्हाई झालं. चांगल्या कामाला आपण जावं व्हय? लोक काय म्हणतील?"

काकूंनी त्यांना हाताने थांबवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ते खोट का सांगत फिरायचे, ठावं हाय का तुमाला? माझ्या बापाला यांच्या घरच्यांनी सांगितलेलं, पोरगा खडकीला हाय, रोज घरी जेवायला येतो. लग्न झालं आन् कळलं, नेमणूक पार बर्फात. यांना त्या खोटेपणाचा पत्ताच नव्हता. समजलं तेव्हा रडले ओ. म्हणले, तुला फसवून आणलंय, माघारी जायचं असंल तर मी सोताहून सोडून येतो, कुणी बोट दाखवणार न्हाई, माझी खोट म्हणून सांगीन."

"मग?"

"मग काय. इतकं खरं बोलणारा सोडून कुठं जाऊ? पण त्यांच्या मनातून ते कधी गेलं न्हाई. दर सुट्टी संपली की दारात उभं राहून विचारायचे, राहशील ना? रिटायर होऊन आले, ट्रंक खाली ठेवली, आन् पहिलं तेच विचारलं." त्यांनी पदर नीट केला. "रविवारी किती वाजता निघायचं?"

रविवारी मोशीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात आमच्याकडून बाईमाणूस म्हणजे एकट्या काकू. कपाळ मोकळं, इस्त्रीचं करड्या रंगाचं लुगडं. पोहे झाले. प्रतीक्षा समोर येऊन बसली. काकू तिच्याकडेच बघून बोलल्या. "याचे वडील अंथरुणावर हायेत. त्यांना इकडं आणायचं याच्या मनात हाय. म्हंजे तुझ्यावर काम पडणार. हा बोलतो कमी, तुला वाटंल रागावलाय. नोकरी पक्की न्हाई." मग जरा थांबून, "आता गुण. आईवाचून वाढला, तरी याच्या जिभेवर कडूपणा न्हाई. सोताचं ताट सोता घासतो."

प्रतीक्षाने ज्ञानेश्वरला एकच विचारलं, "वडिलांना कधी आणायचं म्हणताय?" तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तवा." ती हसली. मुलीच्या वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली.

मुलीची आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली आणि दारातच थबकली. मुलाकडच्या बाईने मुलीला कुंकू लावायचं, आणि मुलाकडची बाई तर काकू. त्या माउलीला वाईट वागायचं नव्हतं, पण तिला सुचेना. "शेजारच्या वहिनींना हाक मारते," ती पुटपुटली. काकूही झटकन म्हणाल्या, "व्हय व्हय, बोलवा," आणि भिंतीकडे सरकल्या.

प्रतीक्षा पाटावरून उठली. पाट उचलून तिने काकूंसमोर ठेवला आणि त्यावर बसली. "सगळं खरं तुम्ही सांगितलंत," ती म्हणाली. "मग कुंकू दुसऱ्या कुणी का लावायचं?"

काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ज्ञानेश्वरकडे. मग करंड्यात बोट बुडवलं. कुंकू जरा तिरकं लागलं. मुलीच्या आईने डोळे पुसले, पुढे झाली आणि न विचारता काकूंच्या कपाळालाही कुंकू लावलं.

निगडीला परतताना काकू पुढच्या सीटवर बसल्या. गाडीच्या आरशात त्यांनी एकदा कपाळ पाहिलं. पदराचं टोक हातात घेतलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि सोडून दिलं.

जाऊबाई दारातच उभ्या होत्या. त्यांची नजर थेट काकूंच्या कपाळावर गेली.

काकू चपला काढत म्हणाल्या, "जमलं ज्ञानेश्वरचं. चहा टाक, सगळ्यांना टाक."