ठरल्याप्रमाणे

शनिवारी सकाळी साडेअकराला आर्लीन वोपॅट हार्टेल कॉलेजच्या मैदानावर पोचली, तेव्हा पाहुणा संघ हजर होता आणि यजमान संघाचा पत्ता नव्हता.

नेब्रास्का आणि साउथ डाकोटातल्या आठ छोट्या कॉलेजांची मिळून अमेरिकन फुटबॉलची एक कॉन्फरन्स, म्हणजे साखळी, होती आणि तिच्या कचेरीचा सगळा कारभार गेली सव्वीस वर्षं आर्लीन एकटी पाहत होती. सव्वीस वर्षांत तिच्या वेळापत्रकात एक चूक निघाली नव्हती. आज हंगामातला शेवटचा सामना. पाहुणं सेंट ऑडो कॉलेज जिंकलं तर अजिंक्यपद त्यांचं, म्हणून आर्लीनने चषक बरोबर आणला होता. शेजारच्या सीटवर ठेवून त्याला पट्टाही लावला होता. हार्टेलला मात्र अजिंक्यपदाची स्वप्नं पडत नव्हती. ते ओळीने एकतीस सामने हरले होते.

मैदानावर सेंट ऑडोची मुलं हातपाय मोकळे करत होती. सहा पंच थर्मासमधली कॉफी पीत उभे होते. मैदानाची देखभाल करणारा म्हातारा ट्रॅक्टरवरून उतरला आणि इतकी माणसं कशाला जमलीत म्हणून त्याने आर्लीनलाच विचारलं.

"सामना आहे ना आज," आर्लीन म्हणाली. "तुमची मुलं कुठायत?"

"आमची? ती पहाटेच गेली बसने. सेंट ऑडोला."

सेंट ऑडो तिथून चार तासांवर होतं. आर्लीनला एकदम थंडी वाजली, आणि ती नोव्हेंबरची नव्हती.

झालं होतं ते असं. हा सामना मुळात सप्टेंबरात हार्टेललाच व्हायचा होता. पण ऐन वेळी लिंबाएवढ्या गारा पडल्या आणि सेंट ऑडोची मंडळी चार तास येऊन चार तास परत गेली. नवी तारीख ठरवताना हार्टेलचे कोच डेल ह्रुस्का यांनी आर्लीनला फोन करून सांगितलं की त्यांना पुन्हा कुठे एवढं लांब बोलावता, या वेळी आम्हीच जातो. आर्लीनने तसा निरोप सेंट ऑडोला ठेवला. सेंट ऑडोचे कोच एमेट ब्रँडवोल्ड यांना तो मिळाल्यावर त्यांनी उलट कळवलं की छे, त्यांच्या गावाला घरचा सामना नको का बघायला, आम्हीच येतो. आर्लीनने तोही निरोप पुढे ठेवला. मग ह्रुस्का म्हणाले, अजिबात नाही. मग ब्रँडवोल्ड म्हणाले, तसं कसं. त्या भागात माणसं दारातून आधी कोणी आत जायचं यावरून पाच-पाच मिनिटं दार उघडं धरून उभी राहतात, त्यामुळे आर्लीनला यात वावगं काही वाटलं नाही. आठवड्याने दोन्हीकडचे फोन थांबले. फोन थांबले म्हणजे मूळचं हार्टेलचंच मैदान ठरलं, असं धरून तिने दोघांना एकच मेल पाठवली : "शनिवारी दुपारी एक वाजता, ठरल्याप्रमाणे." ती वाचून आपलंच म्हणणं मानलं गेलं, या समाधानात दोन्ही कोच त्या रात्री शांत झोपले.

आता ब्रँडवोल्डनी ह्रुस्कांना फोन लावला.

"डेल, कुठे आहेस तू?"

"तुझ्या मैदानावर. तू कुठे आहेस?"

"तुझ्या."

मग दोघांनी एकाच वेळी एकमेकांची माफी मागायला सुरुवात केली, ती थांबवायला आर्लीनला फोन हिसकावून घ्यावा लागला.

कॉन्फरन्सचे प्रमुख क्रेग स्टेनव्हिक जूनमध्येच नेमले गेले होते. ते तरुण होते आणि नियमांचं पुस्तक त्यांनी खरोखरच वाचलं होतं. आर्लीनचं सगळं फोनवर ऐकून घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला, की 'ठरल्याप्रमाणे' म्हणजे नेमकं काय ठरलं होतं? आर्लीनने ती मेलच पुन्हा वाचून दाखवली. स्टेनव्हिक म्हणाले की मूळ कागदावर मैदान हार्टेलचं आहे, हार्टेल तिथे हजर नाही, म्हणजे सेंट ऑडो विजयी. चषक देऊन टाका आणि सोमवारी मला भेटा.

आर्लीनने गाडीतून चषक काढून आणला. ब्रँडवोल्डनी हात मागे घेतले.

"मी त्यांच्या रिकाम्या मैदानावरून हा उचलून नेऊ?" ते म्हणाले. "माझ्या पोरांना काय सांगू, आपण कुणाला हरवलं? या ट्रॅक्टरवाल्याला?"

त्यांनी स्वतः स्टेनव्हिकना फोन केला. बरीच हुज्जत झाली. शेवटी स्टेनव्हिक कबूल झाले की आजच्या आज कुठेही पूर्ण सामना झाला आणि निकालावर दोन्ही कोचांची सही असली, तर तो धरू. बरोबर मध्यावर ऑर्वल नावाचं गाव होतं. तिथल्या शाळेच्या मैदानाला दिवे होते आणि शाळेच्या मुख्याध्यापकबाईंची काहीच हरकत नव्हती. दोन्ही बस दोन बाजूंनी निघाल्या. सेंट ऑडोच्या बसमागे पंच आणि पंचांमागे आर्लीन.

अडीच वाजता ऑर्वलला दोन्ही संघ कपडे घालून मैदानात उतरले आणि नवीनच घोळ समोर आला. पाहुण्याने पांढरा पोशाख घालायचा, असा नियम. दोघेही पाहुणे म्हणून निघालेले. मैदानावर सगळेच पांढरे, हेल्मेटंसुद्धा पांढरीच. मुख्य पंच म्हणाले, मी कुणाची चूक कुणाच्या नावावर मांडू?

पण हरणांच्या शिकारीचा हंगाम त्याच सकाळी सुरू झाला होता, आणि बस पाहून जमलेलं अर्धं ऑर्वल शिकाऱ्यांच्या भडक नारिंगी जाकिटांत उभं होतं. मुख्याध्यापकबाईंनी सगळ्यांना जाकिटं काढायला लावली. ती बिनबाह्यांची आणि चांगली ऐसपैस होती, हार्टेलच्या मुलांच्या खांद्यांवरच्या पॅडवरून आरामात चढली. भरली मात्र एकोणीसच, आणि हार्टेलचे खेळाडू बेचाळीस. त्यामुळे खेळाडू बदलला की बाहेर येणाऱ्याने जाकीट काढायचं आणि आत जाणाऱ्याने चढवायचं, असा कारभार सुरू झाला. एकाच्या खिशातून दोन काडतुसं निघाली तेव्हा पंचांनी दहा मिनिटं खेळ थांबवून सगळे खिसे तपासले. एका खिशात सँडविच होतं. ते कुणाचं, हे शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तोवर कुणीतरी खाल्लं होतं.

सामना मात्र असा झाला की आर्लीन सीट गरम असलेली गाडी सोडून रेषेपाशी येऊन उभी राहिली. सेंट ऑडो सात, हार्टेल तीन, आणि दोन मिनिटं उरलेली. दिवे लागले होते. चेंडू सेंट ऑडोकडे होता. हार्टेलचा एक आडदांड गडी झटापटीत खाली पडला आणि उठला तेव्हा त्याचं जाकीट दुसऱ्याच्या हातात राहिलं होतं. सेंट ऑडोच्या फेकणाऱ्याला आपल्या माणसांच्या घोळक्यात एक पांढरा गडी अगदी मोकळा दिसला. त्याने चेंडू नेमका त्याच्या छातीवर टाकला. त्या गड्याला आधी काही समजेना. मग समजलं, आणि तो साठ यार्ड धावत थेट सेंट ऑडोच्या शेवटच्या रेषेपार गेला. त्याला अडवायला कुणी आलं नाही, उलट सेंट ऑडोचे दोघे आपलाच गडी समजून, दिशा न बघताच, त्याला वाट करून देत बरोबर धावले.

त्या धावेचे सहा गुण आणि वरच्या किकचा एक धरून हार्टेल दहा, सेंट ऑडो सात.

ह्रुस्का शिट्टी झाल्यावरही जागचे हलले नाहीत. जिंकल्यावर कोचने काय करायचं असतं, हे ते विसरले होते. मुलांनी आठवण करून द्यायला म्हणून बर्फपाण्याचं पिंप त्यांच्या डोक्यावर ओतलं. कुडकुडत, डोळे पुसत ते एवढंच म्हणाले, "बसमध्ये टॉवेल आहे का रे?"

ब्रँडवोल्डनी निकालाच्या कागदावर आधी सही केली. गोंधळाचं कारण लिहायच्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव घातलं. खाली ह्रुस्कांनी लिहिलं की चूक ब्रँडवोल्डची नाही, माझी. त्याखाली आर्लीनने लिहिलं की दोघांची नाही, माझी. कागदाचा फोटो पोचल्यावर स्टेनव्हिकचा फोन आला.

"एका चुकीला तीन मालक," ते म्हणाले. "मी रागवायचं कुणावर? सोमवारी कशाला, राहू द्या. पण आर्लीन, चषकाचं बघा."

चषकाचं खरंच बघावं लागणार होतं. सेंट ऑडो हरल्यामुळे गुणांवर पहिलं येत होतं कीट्सन कॉलेज. त्यांचा हंगाम आठवड्यापूर्वीच पराभवाने संपला होता आणि मुलं सामान आवरून मोकळी झाली होती. रविवारी चर्च आटोपून आर्लीन तीन तास गाडी हाकत कीट्सनला गेली. कॉलेज बंद होतं. ती पत्ता विचारत कोच लॉइड टेटमायर यांच्या घरी पोचली, तेव्हा ते शिडीवर चढून छपराच्या पन्हळीतला पाचोळा काढत होते.

"अभिनंदन, लॉइड," ती खालून म्हणाली. "तुम्ही अजिंक्य आहात."

"आम्ही तर हरलो."

"ते गेल्या शनिवारी. काल जिंकलात."

"काल आम्ही कुठे खेळलो?"

आर्लीनने सगळं पहिल्यापासून सांगितलं. गारा, फोन, दोन बस, जाकिटं. टेटमायर शिडीवरून लक्षपूर्वक ऐकत होते, मधूनमधून मूठभर पाचोळा खाली टाकत होते. सांगून झाल्यावर त्यांनी चषकाकडे एकदा पाहिलं आणि आभाळाकडे एकदा.

"बायको आत ॲपल पाय भाजतेय, खाऊन जा," ते म्हणाले. "पण त्याआधी एक कर. तो ठेव खाली आणि ही शिडी जरा धर. मघापासून हलतेय."

आर्लीनने अजिंक्यपदाचा चषक पाचोळ्याच्या ढिगात ठेवला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.