नाना लिमयांचं ‘आ करा’

नाना लिमये कुणाला नमस्कार करत नाहीत. समोर माणूस आला की म्हणतात, “आ करा.” दूधवाला असो की लाइटबिल आणून देणारा, नानांची बॅटरी खिशातून निघालीच. मागच्या वर्धापनदिनाला आमच्या केंद्रात नगरसेवक आलेले. हार घालायच्या आधी नानांनी त्यांनाही आ करायला लावलं. आतला गुटखा सगळ्यांनी बघितला. व्यसनमुक्तीवरचं भाषण मग चटकन आटपलं.

मी विठ्ठलवाडीजवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात स्वयंपाक करते. नाना डोंबिवलीचे, दातांचे रिटायर डॉक्टर. रोज सकाळी फुकट येतात, म्हणून त्यांना कोणी काही बोलत नाही. पण वैताग माझा होतो ना! पोहे गरम आहेत तोवर वाढावेत, तर हे सगळ्यांना ओळीत उभं करून ब्रश करायला लावणार. “वरून खाली, राजा, आडवा नको.” तोवर माझ्या पोह्यांचा दगड.

एकदा कुणाच्या बायकोने चुळा भरायचं भारीतलं औषध आणलं. नानांनी चष्मा वर करून बाटलीवरचं वाचलं आणि अख्खी बाटली बेसिनमध्ये ओतली. त्यात दारूचा अंश होता म्हणे. सगळे पेशंट बेसिनकडे असे बघत राहिले, जणू घरातलं कुणी गेलंय. मलासुद्धा सोडलं नाही म्हाताऱ्याने. मी कोळ्याची बाई, सकाळी मशेरी लावल्याशिवाय माझे डोळे उघडत नाहीत. तर म्हणाले, “पुष्पाबाई, मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. आत तुमची पण खाट टाकू का?” डोकंच फिरलं माझं. दोन दिवस त्यांच्या चहात साखर घातली नाही. त्यांना तो चहा आवडला.

विलास मात्र त्यांना दाद देत नव्हता. वागळे इस्टेटमध्ये लेथवर होता, दारूपायी नोकरी गेली. आमच्याकडे दुसऱ्यांदा आलेला, आणि बायकोने बजावलेलं की ह्या वेळी अर्धवट सोडून आलास तर दार उघडणार नाही. बोलायचा तो तोंडावर हात ठेवूनच. नाना जवळ आले की मान फिरवायचा.

परवा सकाळी बघते तर हा गाल सुजवून, हातात पिशवी घेऊन फाटकाशी उभा. दाढ ठणकतेय, दारूत भिजवलेला कापसाचा बोळा ठेवला की थांबेल, आमच्या चाळीत सगळे तेच करतात, असं म्हणाला. फक्त बोळ्यापुरती घेणार. अरे बाबा, बोळ्यापुरती आजवर कुणी घेतलीय का? पण ऐकेचना. शेवटी मी नानांना हाक मारली.

नानांनी बॅटरी काढली नाही. विलासला पायरीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले.

“माझा दवाखाना खाली, धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर,” ते म्हणाले. “दारू सोडून वर्ष होत आलेलं त्याला. दाढ दुखायला लागली, तर बोळ्यासाठी गुत्त्यावर गेला. परत सुरू झाली. त्यातच गेला.”

“तुमच्याकडे का नाही आला?” विलासने विचारलं.

“तो घरी आला की मी त्याचं तोंड हुंगायचो. रोज. दात कधी बघितले नाहीत. त्याला वाटलं असेल, ह्याच्यासमोर कशाला तोंड उघडू.”

मला एकदम रडू आलं. विलास फाटकाकडे बघत राहिला. मग त्याने पिशवी खाली ठेवली, तोंडावरचा हात काढला आणि आपणहून आ केला. नाना वाकले, पण डोळे भरल्यामुळे त्यांना काही दिसेना. “थांब हं, राजा,” म्हणत ते चष्मा पुसत बसले, आणि विलास तोंड उघडं ठेवून थांबला.