निश्चिंततेत नापास

मेंदू हा असा अवयव आहे, की त्याच्याबद्दल मत बनवायलाही तोच वापरावा लागतो. एवढी जोखीम एकट्यादुकट्याने पत्करू नये, म्हणून समित्या असतात. केळवाड्याच्या माध्यमिक विद्यालयात 'विद्यार्थी निश्चिंतता समिती' स्थापन झाली ती याच दूरदृष्टीने. समन्वयक म्हणून भूगोलाचे हेमकांत पाटील सर नेमले गेले, तेही पूर्ण विचारांती. सोमवारी तिसऱ्या तासाला ते एकटेच मोकळे होते.

हेमकांत सर बेचाळीस वर्षांचे. तापीकाठी केळीची बाग, ती भाऊ बघायचा; सर शाळा बघायचे. नकाशा टांगायला खिळा मिळाला नाही, तर तो दोन्ही हातांनी उंच धरून तास संपवणारा माणूस. कुणाला 'नाही' म्हणता येत नाही हा त्यांचा एकच अवगुण, आणि त्या एका अवगुणावर शाळेचे अकरा विभाग चालत होते (वृक्षारोपण, सहल, हरवलेल्या पाण्याच्या बाटल्या इत्यादी). हा बारावा.

नोव्हेंबरात त्यांना नंदुरबारला एक दिवसाच्या प्रशिक्षणाला धाडण्यात आलं. सभागृहाच्या मागेच लाल मिरची वाळत घातलेली होती आणि वारा तिकडूनच होता. त्यामुळे 'किशोरवयीनांच्या भावना' या सत्रात साठच्या साठ शिक्षकांच्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि इतकी हळवी माणसं आपल्याला आजवर भेटली नव्हती, असं वक्त्या बाईंनी समारोपात गहिवरून सांगितलं. (गहिवर त्यांनाही मिरचीचाच होता.)

सरांनी मात्र नाकाला रुमाल लावून सगळं वहीत उतरवून घेतलं. मेंदूच्या आत बदामाएवढा एक भाग असतो, तो भीतीचं खातं सांभाळतो, आणि पंधराव्या वर्षी तो जोरात चालू असतो. कपाळामागचा भाग, जो 'थांब, विचार कर' म्हणतो, तो घडत घडत साधारण पंचविशीला पोचतो. या वयात झोप उशिरा येते आणि आठ ते दहा तास लागते. झोप तुटली, की बदाम मोकाट सुटतो.

शनिवारी त्यांनी हे सगळं संस्थेच्या सभेत वाचून दाखवलं. संस्थेचे अध्यक्ष इंदरचंद शेठ मिरचीचे व्यापारी. मिरचीत आणि शिक्षणात रंग चांगला दिसला पाहिजे, हे त्यांचं धोरण होतं, आणि ते दोन्हीकडे यशस्वी झालं होतं. पंचविशीचा आकडा ऐकून शेठजींनी चहाची बशी खाली ठेवली.

"पच्चीस साल? सर, दहावीची परीक्षा मार्चमध्ये आहे."

"शेठजी, ते निसर्गाचं काम आहे. त्याच्या गतीनंच होणार."

"मग निसर्गाला लेखी कळवा. आपण आपल्या बाजूनं मोकळे."

त्याप्रमाणे ठराव क्रमांक चार झाला : 'विद्यार्थ्यांच्या मेंदूच्या पुढील भागाचे अपूर्ण काम फेब्रुवारीअखेर पूर्ण करून घेण्यात यावे.' सर्वानुमते मंजूर. आठ ते दहा तासांच्या झोपेचा मुद्दा वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला.

प्रश्न उरला अंमलबजावणीचा. तो मुख्याध्यापक जगदीश सरांनी एका वाक्यात सोडवला. "ज्याचा पेपर नाही, त्याचा अभ्यास आपल्याकडे कुणी करतं का?" कुणी करत नव्हतं. सबब निश्चिंततेचा पेपर निघाला. लेखी ऐंशी, प्रात्यक्षिक वीस, पास व्हायला पस्तीस. 'तुम्हाला परीक्षेची भीती वाटत नाही याची कोणतीही तीन कारणे द्या.' 'गाळलेली जागा भरा : मी सदैव ______ असतो/असते.' 'माझी शांत झोप' या विषयावर दहा ओळींचा निबंध (जांभई दिल्यास दोन गुण कापले जातील). प्रात्यक्षिकात बाहेरगावच्या परीक्षकांपुढे तीन मिनिटं मनमोकळं हसायचं होतं. उशिरा येणाऱ्यास हसू दिलं जाणार नव्हतं.

विषय सुरू झाला म्हणजे त्याचा क्लास निघतो. हा नियम गुरुत्वाकर्षणापेक्षा जुना असावा. शेठजींचे पुतणे पारस यांनी 'निश्चिंत क्लासेस' काढले. मुलांचा बाकीचा सगळा दिवस इतर क्लासांत गुंतलेला असल्यामुळे वेळ पहाटे पाच ते साडेसहाची ठरली. शांत झोपेचं तंत्र शिकायला पोरं साडेचारला उठू लागली. जगदीश सरांचा भाग्येश पहिल्या चाचणीत शहाण्णव गुण मिळवून पहिला आला आणि त्याचा हसरा फोटो बसस्टँडवर लागला. बाजारात बाया एकमेकींना विचारू लागल्या, "तुमना पोऱ्याले निश्चिंतीमा कितला पडनात?" आणि कमी पडलेल्या पोराची आई घरी जाऊन त्याला निश्चिंत होईपर्यंत झोडू लागली.

समितीने आकडेवारी काटेकोर ठेवली होती. अभियानापूर्वी दहावीच्या शेहेचाळीस मुलांपैकी चौघांचं सकाळी पोट दुखायचं. अभियानानंतर एकोणतीस जणांचं दुखू लागलं. ही वाढ 'आरोग्यविषयक जागरूकता' या सदरात दाखवण्यात आली.

शेहेचाळीसपैकी पंचेचाळीस पास झाले. नापास एकच, मोहिनी. पहिलीपासून कधी दुसरा नंबर न पाहिलेली मोहिनी.

तिला कमी मार्क देताना हेमकांत सरांचा हात अडखळला होता. पण नमुना उत्तरपत्रिकेपुढे त्यांचा इलाज नव्हता. 'मी सदैव ______ असते' या जागेत तिने 'जागी' असं लिहिलं होतं. भीती वाटत नसल्याची तीन कारणे मागितली, तिथे उत्तर होतं : 'वाटते. कारणे तीनात बसत नाहीत, कृपया पुरवणी द्यावी.' प्रात्यक्षिकात तिने हसायला सुरुवात केली आणि दुसऱ्या मिनिटाला ती रडायला लागली. परीक्षकांनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत प्रयत्न केल्याबद्दल चार गुण दिले. एकूण एकतीस.

दुसऱ्या दिवशी तिची आई, मीनाबाई, पदर खोचून शाळेत हजर.

"सर, मन्ही पोर आजलोंग कसामाबी नापास व्हयनी नही. घरमा कोणले टेन्शन नही, मंग हिलेच कसं? आम्ही तं रोज सांगतस तिले, बाई, टेन्शन लेऊ नको. फक्त पंच्याण्णवना खाले येऊ नको."

सरांनी मान डोलावली. नियमात उपाय होता : नापासांसाठी मधल्या सुट्टीनंतर उपचारात्मक वर्ग. तो समन्वयकाने घ्यायचा होता. अभ्यासक्रम 'मागाहून कळवण्यात येईल' असा होता, म्हणजे नव्हता.

भूगोलाच्या खोलीत ती समोर बसली. नखं कुरतडून बोटांची टोकं लाल झाली होती. सरांनी खडू उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. शिकवायला काही नाही, असा त्यांच्या नोकरीतला हा पहिला तास. शेवटी त्यांनी विचारलं, "काय होतंय बेटा?"

"माले झोपच येत नही सर. डोया मिटा का धडा दिखतस."

'टेन्शन घेऊ नकोस' हे वाक्य सरांच्या ओठांपर्यंत आलं. इतकी वर्षं ते त्यांनी पोरांना प्रसादासारखं वाटलं होतं. पण हिच्या घरी तर ते रोजच मिळत होतं. "मला यातलं काही कळत नाही," ते म्हणाले. "तू सांग. मी ऐकतो."

ती पस्तीस मिनिटं बोलली. सहामाहीला गणिताचा पेपर हातात आला आणि आकडे मुंग्यांसारखे पळायला लागले. बैठकीच्या भिंतीवर, निकालानंतर वर्तमानपत्रात येणाऱ्या तिच्या फोटोसाठी, चौकट दोन वर्षांपासून लावून ठेवलीय, रिकामी. पाहुणे आले, की आधी ती चौकट दाखवतात, मग तिला. "आनं माले अठ्ठ्याऐंशीच पडनात तं?" तिने विचारलं. "घरमा मी कुठे बसू सर?"

सरांनी आपली खुर्ची तिच्या बाकाजवळ ओढली. बोलता बोलता तिचं डोकं बाकावर टेकलं आणि तिला झोप लागली. सर पुढचे दोन तास दाराबाहेर नकाशाची काठी घेऊन उभे राहिले. गोंगाट करत येणाऱ्याला ती दाखवत आणि तोंडावर बोट ठेवत. दैनंदिनीत त्यांनी नोंद केली : 'प्रात्यक्षिक घेतले.'

असं आठ दिवस चाललं. मोहिनीची नखं वाढायला लागली. नवव्या दिवशी दाराशी भाग्येश उभा. शहाण्णववाला.

"सर, माले बी नापास करा ना."

"का रे? तू तर पहिला आहेस."

"तेच तं! आते सत्त्याण्णव पाहिजेत म्हणतस. हसी हसी गाल दुखतस मन्हा."

परीक्षेशिवाय नापास करता येत नाही, हा नियम सरांनी त्याला समजावला. तो त्याने सगळ्या वर्गाला समजावला. जानेवारीच्या दुसऱ्या चाचणीत शेहेचाळीसपैकी एक्केचाळीस जण ठरवून नापास झाले. 'मी सदैव ______ असतो' या जागेत 'उपाशी', 'मामाच्या मोबाईलमध्ये', 'मागच्या बाकावर' आणि एकदा 'तुमचा विश्वासू' अशी उत्तरं आली. भाग्येशला बारा मिळाले. त्याने पेढे वाटले.

आता भूगोलाची खोली दाटीने भरू लागली. कुणी बोलायचं, कुणी ऐकायचं, कुणी घरची पपई आणायचं, कोपऱ्यात तिघं-चौघं घोरायची. एकाने आपल्याला इंजिनियर व्हायचं नाही, केक करायचेत, असं सांगितलं आणि कुणीही हसलं नाही. (हसण्याचे गुण नव्हते.) पोटदुखी एकोणतीसवरून तीनवर आली. शाळेच्या कार्यालयातला ओवा संपेनासा झाला.

फेब्रुवारीत तपासणी पथक आलं. अहवाल सविस्तर होता. 'मुले हसताना आढळली; तथापि हसण्याचे वार्षिक नियोजन आढळले नाही. चार मुले झोपलेली होती. त्यांनी झोपण्यापूर्वी परवानगी घेतल्याची नोंद नाही. निश्चिंततेचा निकाल अठ्ठ्याण्णव टक्क्यांवरून अकरा टक्क्यांवर घसरला असून बाब गंभीर आहे.'

तातडीची सभा बसली. शेठजी रागावले नव्हते. ते रागापेक्षा वाईट होतं. त्यांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सरांपुढे सरकवला.

"सर, लाल पेन घ्या. एक्केचाळीस पोरं आहेत, तासाभराचं काम. सगळ्यांना पास करा."

हेमकांत सरांनी सवयीने पेन हातात घेतलं. सवयीने टोपणही काढलं. सगळ्यात वरची उत्तरपत्रिका केकवाल्याची होती. भीतीचा बदाम कामाला लागला. आणि तेवढ्यात कपाळामागे काहीतरी थंडगार खट्‌कन बसलं. पंचविशीत पूर्ण व्हायचं काम सतरा वर्षांच्या विलंबाने का होईना, पूर्ण झालं असावं.

"नाही," सर म्हणाले.

जगदीश सरांच्या हातातला चहा सांडला. "काय म्हणालात?"

"नाही म्हणालो. पोरांनी पहिल्यांदाच खरं लिहिलंय. खऱ्याला मी नापास केलं, नियम होता म्हणून. पण खरं खोडून खोटं लिहायला माझा हात चालणार नाही."

मग जगदीश सर खाली बघत पुटपुटले, "आमचा भाग्येश घरी बोलायला लागलाय, शेठजी. काल जेवताना बोलला. वर्षानंतर."

शेठजी व्यापारी माणूस. जो माल गिऱ्हाईक रांग लावून नेतं, तो बंद करायचा नसतो, हे त्यांना कळत होतं. त्यांनी सरांचा वर्ग बंद केला नाही; तो सर्वांना सक्तीचा केला. मनमोकळं बोलणं चाळीस गुण (शब्दमर्यादा दीडशे), ऐकणं वीस, झोप चाळीस. पारस यांनी त्याच संध्याकाळी 'झोप : अपेक्षित प्रश्नसंच' छापायला टाकला. आज्ञाभंगाबद्दल हेमकांत सरांना समन्वयकपदावरून दूर करण्यात आलं, आणि त्या रात्री ते नऊ तास झोपले.

पोरं मात्र सक्तीच्या वर्गाला हजेरी लावून, सुट्टी झाली की भूगोलाच्या खोलीतच जमत राहिली. दैनंदिनीत सर 'नकाशावाचन' लिहीत. नकाशा गुंडाळलेलाच असे.

मार्चात परीक्षा झाली. गणिताच्या दिवशी मोहिनीने पेपर उघडला, आकड्यांकडे पाहिलं, क्षणभर वाट पाहिली. आकडे जागेवरून हलले नाहीत. तिने सुटेल तेवढं सोडवलं, सुटलं नाही ते सोडून दिलं, आणि बाहेर येऊन फाटकाशी उभ्या असलेल्या आईला म्हणाली, "आई, भूक लागनी."

मीनाबाईंच्या तोंडावर आलेला प्रश्न तिथेच राहिला. गेले चार महिने पोरीने स्वतःहून जेवण मागितलं नव्हतं. त्यांनी तिला समोरच्या गाडीवर नेलं, दोन प्लेट भजी सांगितली, आणि ती खात असताना तिच्याकडे बघत पदराने डोळे पुसत राहिल्या. घरी गेल्यावर त्यांनी बैठकीतली रिकामी चौकट काढली आणि तीत देवीची तसबीर बसवली.

मोहिनी आता व्यवस्थित जेवते, झोपते, अधूनमधून भांडतेही. सांगण्यासारखं होतं ते एवढंच. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, असा शाळेचा अनुभव आहे. निकाल लागल्यापासून दोनशे चौदा माणसं शाळेत येऊन, फोन करून किंवा रस्त्यात अडवून मोहिनीला दहावीला किती टक्के पडले, ही चौकशी करून गेली. पोरीला झोप लागते का, हे विचारायला कुणी आलं नाही. हेमकांत सर कुणालाही आकडा सांगत नाहीत. फक्त वहीत नोंद करतात.

तुमची नोंद दोनशे पंधरावी आहे.