श्वास तहकूब

शहाद्याजवळच्या आमच्या जलतरण हितचिंतक मंडळाचा एकही सभासद आजवर बुडालेला नाही. याचं सगळं श्रेय शिस्तीला. आम्ही पाण्यात उतरत नाही. रोज सकाळी तलावाच्या काठावर खुर्च्या टाकून बसतो, चहा घेतो आणि पोहणाऱ्यांचं तंत्र सुधारतो.

उमाकांत मात्र उतरला. कचेरीत आवक-जावक पाहणारा हा गृहस्थ चाळिशीनंतर फ्रीस्टाइल शिकायला निघाला. एकदा तरी न थांबता पलीकडच्या भिंतीला हात लावायचा, एवढीच त्याची इच्छा. मान वर काढून, पाणी बडवत तो अर्ध्यापर्यंत पोचूही लागला. ते आम्हाला बघवेना.

"भाऊ, तू पोही ऱ्हायना का कपडा धोई ऱ्हायना?" अध्यक्ष मांगीलालशेठ म्हणाले. शेठचं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की ते पोहण्याचे व्हिडिओ पाहतात.

सुधारणा सुरू झाल्या. आधी उमाकांतचं डोकं पाण्यात घालण्यात आलं. मग कार्यक्षमतेचा विषय निघाला. कमी हात मारून लांब जाईल तो कार्यक्षम, म्हणून त्याचे हात निम्मे केले. आता तो फार लांब जाईना. पण दिसायचा छान.

श्वासावर मात्र गाडी अडली. शेठ म्हणाले उजवीकडून घ्यावा, चिटणीस नवनीतभाई म्हणाले डावीकडून. त्यांच्या सुरतेच्या साडूचा मुलगा डावीकडूनच घेतो. बैठक झाली, उपसमिती नेमली आणि अहवाल येईपर्यंत श्वास तहकूब ठेवावा, असं सर्वानुमते ठरलं. उमाकांत पडला सरकारी माणूस. वरून आदेश आल्यावर तो का म्हणून विचारत नाही.

रविवारी त्याची बायको सरलाबाई त्याचं पोहणं बघायला आली. उमाकांत खोल बाजूनं निघाला. थोडं अंतर गेल्यावर त्याचे हात एकदम उंच येऊ लागले.

"आते बरोबर शे! कोपर कसं वर येई ऱ्हायनं!" शेठ हरखले. आम्ही टाळ्या वाजवल्या. नवनीतभाईंनी मोबाइल काढला.

"अहो, यास्ना जीव जाई ऱ्हायना!" सरलाबाई किंचाळल्या. "कोनी उतरा ना पानीमा!"

तलावाचा जीवरक्षक वीरसिंग पावत्यांच्या खिडकीतून धावत आला. मंडळानं काटकसर म्हणून त्याला तिथं बसवलं आहे. "शेठ, उतरू का?"

"थांब, व्हिडिओमा येशी."

भिंतीवर बुडणाऱ्याला फेकायचं रबरी कडं होतं. चोरीला जाऊ नये म्हणून त्याला कुलूप, आणि किल्ली शेठच्या दुकानातल्या गल्ल्यात.

अखेर सरलाबाईंनीच पाण्यातला पाला काढायचा लांब बांबू उचलून पुढे केला. उमाकांतनं तो धरला. काठाकाठानं ओढत त्यांनी नवऱ्याला पलीकडच्या भिंतीला लावलं. तो खोकला, ओकला, मग बायकोचा हात धरून लहान मुलासारखा रडला. खरं सांगतो, मलाही वाईट वाटलं. पण नियम तो नियम. आधार घेतल्यामुळे ती फेरी धरता आली नाही.

"साहेब... मधी एकदा श्वास घेवाई गया," उमाकांत ओशाळून म्हणाला.

"कोनत्या बाजूनी?" नवनीतभाईंनी विचारलं.

व्हिडिओ दुपारपर्यंत रनाळ्यापासून नवापूरपर्यंत सगळीकडे फिरला. त्यात उमाकांत "वाचवा" म्हणतो, ते स्वच्छ ऐकू येतं. तुम्हीही तो शेवटपर्यंत पाहिलात. खाली लिहिलेला तुमचा अभिप्राय मंडळानं कौतुकानं वाचला: "तोंड जरा कमी उघडायला हवं होतं."